पेपर कटिंग झालं, आता कापड घ्या: व्यायामाच्या अभ्यासक्रमात समाजसेवा कशाला?

ज्यांच्या घरात सध्या कोणी एफवाय-एसवायला आहे, त्यांच्या कानावर 'सीईपी' ही तीन अक्षरं पडली असतील. "आई, उद्या सीईपी आहे, उशीर होईल." मग चौकशी केली की कळतं, लेक कॉलेज सोडून ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात जाते, तिथल्या आजी-आजोबांना खुर्चीतून उठवते-बसवते, आणि त्याचे म्हणे मार्क मिळतात. "फी भरली ती यासाठी का?" हा प्रश्न मला पालकांनी तोंडावर विचारलेला आहे. प्रश्न रास्त आहे.

सीईपी म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट, समाजात जाऊन करायचा प्रकल्प. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून हा प्रकार आला. महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं पदवीच्या आराखड्यात त्याला जागा मिळाली. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून हा आराखडा लागू झाला. यातलं मोजमाप क्रेडिटमध्ये चालतं. वर्गात १५ तास व्याख्यान ऐकलं की एक क्रेडिट. समाजात जाऊन केलेल्या कामाला मात्र एका क्रेडिटसाठी ३० तास लागतात. म्हणजे दोन क्रेडिटचा प्रकल्प ६० तासांचा झाला.

सगळ्या विषयांचं मी बोलत नाही. मी व्यायाम आणि आरोग्य हा विषय शिकवतो, तेव्हा त्यापुरतंच.

## आधी शिवणक्लासची गोष्ट

शिवणक्लासला गेलेल्या कुणालाही विचारा. पहिले काही दिवस कापडाला हात लावू देत नाहीत. आधी पेपर कटिंग. ब्राऊन पेपरवर पाठ, पुढचा भाग, मुंढा, बाही, सगळं मापात. कागद ताणला जात नाही, सुरकुतत नाही, तक्रार करत नाही. मग कापड येतं, आणि मग एक दिवस पहिलं गिऱ्हाईक येतं, बहुतेक शेजारची काकू. काकूंचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला असतो. हे कागदावर कुठंच नव्हतं. ब्लाऊज एका बाजूला खेचतो. आता उसवायचं, आणि पुन्हा शिवायचं.

शिवण येते ती या उसवण्यात. पेपर कटिंग लागतंच, त्याशिवाय कात्री कुठं चालवायची ते कळणार नाही. पण ब्राऊन पेपरवर शंभर ब्लाऊज कापलेल्या मुलीला कोणी टेलर म्हणत नाही.

अभ्यासाचा विषय समाजाच्या खऱ्या गरजेवर वापरायचा, चुकायचं, ती चूक वर्गात आणून उसवायची आणि पुन्हा जायचं, या पद्धतीला 'सर्व्हिस लर्निंग' म्हणतात. मराठीत आपण सेवेतून शिक्षण म्हणू. शब्द १९६० च्या दशकात अमेरिकेत रुजला. कल्पना आपल्याला परकी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा गाभा हाताच्या कामातून शिक्षण हाच होता.

## व्यायामाची चिठ्ठी

आता या विषयातलं पेपर कटिंग काय असतं ते पाहू. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळी कोणती, किती ताकदीची, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे लिहिलेलं असतं. व्यायामाचीही अशीच चिठ्ठी असते आणि ती चार प्रश्नांवर उभी असते: कोणता व्यायाम, किती जोरात, किती वेळ, आठवड्यातून कितीदा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली या चिठ्ठीचं सर्वसाधारण माप दिलं. प्रौढांनी आठवड्याला मध्यम जोराची १५० ते ३०० मिनिटं हालचाल करावी, किंवा जोरदार हालचाल ७५ ते १५० मिनिटं. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. ६५ च्या पुढच्यांनी यात आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम घालावेत, कारण या वयात पडणं महागात जातं. 'मध्यम जोर' ओळखायला यंत्र नको: चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. वाक्यही तुटायला लागलं की जोरदार.

झालं. परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर तयार. ही आपली रेडीमेड साइज.

आणि ती किती जणांना बसते? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, बायकांत ५७. त्याच्या आदल्या वर्षीच, २०२३ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या पुढे गेल्याचं समोर आलं होतं. माहितीचा दुष्काळ आहे म्हणून हे झालं का? 'चालत जा' हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. चिठ्ठी माणसाच्या मापानं कापणारे कमी आहेत.

## मग समोर आजी येतात

समजा, तिसऱ्या सत्राची एक विद्यार्थिनी विरंगुळा केंद्रात गेली. समोर ६७ वर्षांच्या आजी. मुलगी पाठ केलेलं सांगते, "आजी, रोज अर्धा तास चाला." आजी हसतात. "बाळा, मी आळंदी ते पंढरपूर चालते दरवर्षी. तू आलीस का कधी?"

सुमारे २५० किलोमीटर. चिठ्ठीतली पहिली ओळ तिथंच उसवली.

मुलगी गोंधळते, पण तिच्याकडे एक चाचणी असते. खुर्चीत बसायचं, हात छातीवर घडी घालून ठेवायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. पायांची ताकद तपासायची ही जगभर वापरली जाणारी सोपी रीत आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ पेक्षा कमी वेळा उठता आलं तर पडण्याचा धोका सरासरीपेक्षा जास्त मानतात. पुरुषांसाठी हीच रेघ १२ वर आहे.

आजींचे नऊ होतात.

आता वर्गात परत आल्यावर खरा तास सुरू होतो. वारी चालणाऱ्या बाईचे नऊ कसे? चालण्याचा दम आणि खुर्चीतून अंग उचलण्याची मांडीची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात लिहिलेलं असतंच. पण ते वाचलेलं वाक्य आता एका चेहऱ्याला चिकटतं. मग कोणीतरी विचारतं, तक्ता कुठल्या आजींवरून बनवलाय? अमेरिकेतल्या. त्या जन्मभर खुर्चीत बसल्या. आपल्या आजी जमिनीवर मांडी घालून जेवल्या, उकिडव्या बसून भांडी घासली. त्यांना ही रेघ तशीच लावायची का? चाचणीची खुर्ची ४३ सेंटीमीटर उंच हवी असते, केंद्रातली किती होती? कुणीच मोजलेली नसते. पुढच्या खेपेला टेप घेऊन जायचं ठरतं.

दुसरा प्रसंग गावाकडचा. बचत गटाच्या बैठकीत मुलांनी व्यायामाचा विषय काढला की हमखास एक बाई म्हणते, "दिवसभर खुरपतो आम्ही. आणखी व्यायाम कसला सांगता?" आणि तिचं चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा कामातली हालचाल हालचालच धरते. इथं मुलांना एक जुनी व्याख्या नव्यानं समजते. स्नायू हलले आणि शक्ती खर्च झाली की ती हालचाल. अंग अधिक सक्षम व्हावं म्हणून ठरवून, आखून, पुन्हा पुन्हा केलेली हालचाल म्हणजे व्यायाम. खुरपणी ही पहिल्या प्रकारातली: कंबर तासन् तास एकाच बाजूला वाकलेली, विश्रांती मुकादमाच्या मर्जीवर. या बाईला "अजून चाला" सांगणं म्हणजे उसवलेल्या जागेवर आणखी ताणणं. तिला उलट्या दिशेनं अंग मोकळं करणारं काहीतरी हवं, अधूनमधून ताठ उभं राहायची सवय हवी, आणि खरं तर दुपारी पडायला अर्धा तास हवा. हा शेवटचा भाग व्यायामशास्त्राच्या पुस्तकात येत नाही. मुलांनी तो पाहून यावा असं मला वाटतं.

## "अहो, हे तर एनएसएसच की!"

नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि तिचं मोल मोठं आहे. स्वयंसेवक वर्षाला १२० तास देतो, सात दिवसांच्या शिबिराला जातो, बंधारा बांधतो, झाडं लावतो. पण बंधारा बांधणारा मुलगा इंग्रजीचा असो की रसायनशास्त्राचा, काम तेच. सेवा विषयापासून वेगळी राहते.

माझी कसोटी साधी आहे. प्रकल्पातून सेवा काढून टाकली तर परीक्षेच्या उत्तरात काही कमी पडतं का? पडत नसेल तर ती एनएसएस. आणि विषय काढून टाकला तरी काम तसंच चालू राहतं का? राहत असेल, तर ते श्रमदान. व्यायामाच्या विद्यार्थ्यांना केंद्राच्या भिंती रंगवायला लावल्या तर केंद्राचं भलं होईल, सेवेतून शिक्षण होणार नाही.

## ६० तास जातात कुठं?

दोन क्रेडिटचा हिशेब मी साधारण असा मांडतो. दहा तास तयारी: चाचण्या एकमेकांवर करून पाहणं, रक्तदाब मोजायला शिकणं. सहा तास नुसतं केंद्रात जाऊन बसणं आणि ऐकणं. हे सहा तास फुकट गेले असं मुलांना वाटतं, पण पुढचे चव्वेचाळीस त्यावरच उभे असतात. सहा तास पहिली मोजणी. मग दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एकेक तास व्यायाम घेणं, म्हणजे २० तास. सहा तास शेवटची मोजणी आणि प्रत्येकाला त्याचा आकडा त्याच्या भाषेत समजावून सांगणं. उरलेले १२ तास लिहिणं आणि वर्गात उसवणं.

महाविद्यालयं काटछाट करतात ती नेमकी या शेवटच्या बारा तासांत. एका ठिकाणी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. चाळीस फायली, आणि चाळीसही डायऱ्यांत शेवटचं वाक्य एकच: "या उपक्रमातून मला खूप काही शिकायला मिळाले." काय शिकायला मिळालं, ते एकाही फाईलमध्ये नव्हतं. तोंडी विचारलं तेव्हा एका मुलानं सांगितलं की एक आजोबा कधीच व्यायामाला उठायचे नाहीत, कोपऱ्यात बसून राहायचे, आणि शेवटच्या आठवड्यात कळलं की त्यांना ऐकूच येत नव्हतं. सूचना सगळ्या तोंडी दिल्या जात होत्या. हे सोनं त्यानं फाईलीत लिहिलं नव्हतं, कारण ते 'चुकलं' होतं.

म्हणून मी आता डायरीला तीनच प्रश्न ठेवतो. मला काय वाटलं होतं? प्रत्यक्षात काय निघालं? पुढच्या वेळी काय बदलणार?

## शिकाऊ मुलांच्या हाती म्हातारी माणसं?

सगळ्यांत वजनदार हरकत ही आहे, आणि तिला घाईनं उत्तर देऊ नये.

विद्यार्थी डॉक्टर नसतो, फिजिओथेरपिस्टही नसतो. तो आजार ओळखत नाही, औषधाबद्दल तोंड उघडत नाही, दुखऱ्या गुडघ्याला हात लावत नाही. व्यायाम सुरू करण्याआधी प्रत्येकाला सात प्रश्न विचारायचे असतात: हृदयाचा त्रास, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, हाडा-सांध्यांची दुखणी, चालू असलेली औषधं वगैरे. 'पार-क्यू' नावाची ही प्रश्नावली जगभर वापरतात. एका जरी प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. रक्तदाब जास्त दिसला तर "तुम्हाला बीपी आहे" असं म्हणायचं नाही. "एकदा आरोग्य केंद्रात दाखवून घ्या, मी सोबत येते," असं म्हणायचं. आणि शिक्षक तिथं हजर हवा, फोनवर असून चालत नाही.

समजूत देऊन घेतलेली परवानगी हाही याच शिक्षणाचा भाग आहे. अंगठा उमटवून घेतला म्हणजे परवानगी झाली, असं नव्हे. आजींनी मध्येच "मला नको आता" म्हटलं तर त्यांना थांबता आलं पाहिजे, आणि त्यांचे आकडे कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरता कामा नयेत.

जिथं यातलं काही जमणार नसेल, तिथं मोजमापाचा प्रकल्प घेऊच नये. पेपर कटिंग पुन्हा करावं.

## "आले, मोजलं, फोटो काढला, गेले"

ही तक्रार मी केंद्रांतल्या मंडळींकडून ऐकली आहे आणि ती खरी आहे. सत्र संपतं, परीक्षा लागतात, मुलं गायब होतात. दहा आठवड्यांत कमावलेली पायांची ताकद व्यायाम थांबला की उतरायला लागते. मग आजोबांना काय मिळालं? एक टोपी आणि बॅनरसमोरचा फोटो.

यावर दोन उपाय काम देतात. पहिला: मुलं आठवड्यातून दोनदाच जातात, आणि वर सांगितल्याप्रमाणे या वयाला तीन दिवस हवेत. तो तिसरा दिवस मुद्दाम केंद्रातल्याच दोघांकडे सोपवायचा. निवृत्त पीटी शिक्षक, भजनी मंडळ चालवणाऱ्या मावशी, ज्यांचं लोक ऐकतात असे कोणीही. मुलं गेली तरी तो दिवस चालू राहतो. दुसरा: दरवर्षी नवं गाव, नवं केंद्र हा हव्यास सोडायचा. एकच केंद्र निदान तीन वर्षं धरायचं. नव्या तुकडीला जुन्या तुकडीचे आकडे मिळतात आणि आजी नव्या मुलांना सांगतात, "मागच्या वेळची मुलगी खुर्ची भिंतीला टेकवायची, तू का नाही टेकवलीस?" चाचणीच्या वेळी खुर्ची भिंतीला टेकलेली हवी हे पुस्तकात आहेच. ते आजींकडून ऐकावं लागलं की जन्मात विसरत नाही.

काय करायचं हेही त्यांनाच विचारावं. आपण तोलाचे व्यायाम घेऊन जातो आणि त्यांना हवं असतं बसमध्ये चढणं. एसटीची पहिली पायरी उंच. मग तोलाचा नि ताकदीचा तोच व्यायाम पायरी चढण्यावर बसवायचा. शास्त्र तेच, माप त्यांचं.

## मार्क कशाचे द्यायचे?

आजींचे नऊचे बारा झाले म्हणून मुलीला मार्क देऊ नयेत. तसं केलंत तर पुढच्या वर्षी मुलं धडधाकट आजी शोधतील आणि दमेकरी आजोबा मागं राहतील. कोणी आकडेही हलकेच सरकवेल. तासांचेही मार्क देऊ नयेत, ते हजेरीत येतातच. मार्क द्यायचे ते चिठ्ठी का बदलली याच्या कारणाला. पहिल्या आठवड्याची चिठ्ठी आणि दहाव्या आठवड्याची चिठ्ठी शेजारी ठेवायची. दोन्ही सारख्याच असतील तर एकतर ती मुलगी प्रतिभावान आहे, नाहीतर ती केंद्रात गेलेलीच नाही.

## यानं खरंच फरक पडतो का?

विद्यार्थ्यांच्या बाजूनं पुरावा बरा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात सेवेतून शिक्षणावरचे ६२ अभ्यास आणि ११,८३७ विद्यार्थी एकत्र तपासले गेले. स्वतःबद्दलची आणि शिक्षणाबद्दलची वृत्ती, सामाजिक सहभाग, लोकांत वावरण्याची कौशल्यं आणि अभ्यासातली कामगिरी, या पाचही बाबतींत फायदा दिसला. जिथं काम अभ्यासक्रमाशी जोडलेलं होतं, मुलांना आणि समाजाला बोलायला जागा होती आणि अनुभवावर विचार करून घेतला जात होता, तिथं तो जास्त होता. म्हणजे ज्या बारा तासांना कात्री लागते, त्यातच बराच जीव आहे.

समाजाच्या बाजूनं मात्र मोजणी फार कमी झाली आहे. मुलं किती शिकली यावर ढीगभर कागद, आजी किती कमी पडल्या यावर मोजके. व्यायामानं वृद्धांचं पडणं कमी होतं हे पक्कं आहे, पण विद्यार्थ्यांनी दहा आठवडे घेतलेल्या व्यायामानं किती, ही वेगळी गोष्ट झाली. आपल्याकडची शेकडो महाविद्यालयं आता हे करणार आहेत. चाचणीचे आकडे नीट ठेवले तरी आपल्याच आजींचा तक्ता बनायला सुरुवात होईल, आणि अमेरिकेची रेघ उसनी घ्यावी लागणार नाही.

## आणि खर्च?

थोडा. टेपनं मोजून घेतलेली, बिनहाताची, न घसरणारी एक खुर्ची. मोबाईलमधलं घड्याळ. जमिनीवर खडूनं ओढलेली तीन मीटरची रेघ, कारण दुसऱ्या एका चाचणीत खुर्चीतून उठून तेवढं चालत जाऊन, वळून परत बसायचं असतं, आणि १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका समजतात. रक्तदाबाचं यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतं, नसेल तर एक घ्यावं लागेल.

खरा खर्च एसटीच्या तिकिटाचा आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी मुलांच्याच खिशातून जातो. आठवड्यातून दोन फेऱ्या, दहा आठवडे. ज्या मुलीचा बाप मजुरीला जातो, तिच्यासाठी ही रक्कम लहान नाही. एक तर कॉलेजनं प्रवासाचे पैसे द्यावेत, नाहीतर फाटकातून चालत जाता येईल असं केंद्र निवडावं. बहुतेक गावांत असं एखादं सापडतं. सकाळी सातला मारुतीच्या पारावर कोण कोण बसलेलं असतं ते आधी जाऊन बघा.